माणसांचं इंग्रजी

आमच्या घराचं पुढचं दार काळं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी त्या दाराला काळा रंग फासला. दर रविवारी सकाळी ते दार म्हणजे शाळेचा फळा. फळा व्हायचा तर दार लावून घ्यावं लागे, म्हणजे वर्ग सुटेपर्यंत आतली माणसं आत आणि बाहेरची बाहेर. आई दर रविवारी घरात कोंडली जायची आणि आतून ओरडायची, "अहो, मला विहिरीवर जायचंय!" अण्णा खडूने दारावर टकटक करून म्हणायचे, "सायलेन्स!" आमच्या वाडीने शिकलेला पहिला इंग्रजी शब्द हाच.

ही गोष्ट त्रेपन्न-चोपन्न सालची. कांदिवली तेव्हा मुंबईत नव्हतीच म्हणा ना. ऑफिसला निघालेला माणूससुद्धा "मुंबईला जाऊन येतो" असं सांगून निघायचा. वाडीत पुढच्या रांगेला आमच्यासारखी कारकुनांची घरं होती आणि मागच्या रांगेला कोकणातून आलेली मंडळी, बहुतेक कधी ना कधी गिरणीत काम केलेली. दोन रांगांत भांडण नव्हतं, पण जाणं-येणंही फारसं नव्हतं. विहिरीवर भेट व्हायची तेवढीच. अण्णांच्या वर्गाने दोन्ही रांगा एका ओट्यावर आणून बसवल्या, हे श्रेय मी त्यांना मोकळ्या मनाने देते. एरवी त्यांच्या रागापुढे कोणाचं काही चालत नसे.

अण्णांनी उभा जन्म एका विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून काढला होता. त्यांचं म्हणणं एकच होतं. "साहेब गेला, पण त्याची भाषा अर्जात ठाण मांडून बसलीय. ती ज्याला येत नाही, त्याचा अर्ज टोपलीत." त्या काळी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं, आणि वाडीतली निम्मी माणसं आठवीपर्यंत पोचलेलीच नव्हती. म्हणून अण्णा शिकवायचे ते फक्त नोकरीचं इंग्रजी. कविता-बिविता, फुलं-पाखरं असलं काही नाही. व्हेकन्सी, प्रमोशन, ट्रान्सफर, एक्स्पीरिअन्स, रेझिग्नेशन. दाराच्या डाव्या अंगाला शब्द, आणि उजव्या अंगाला माणसं.

हो, माणसं. हीच तर अण्णांची गंमत होती. ते अर्थ सांगतच नसत. "अर्थ पाठ केला की तो संध्याकाळपर्यंत विसरतो," ते म्हणायचे, "पण ओळखीच्या माणसाचं नाव कोणी विसरतं का?" मग प्रत्येक शब्दाला वाडीतलं एक माणूस ठरायचं. प्रमोशन म्हणजे नंदकिशोरकाका, कारण पोस्टात त्यांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी अख्ख्या वाडीला पेढे वाटले होते. रेझिग्नेशन म्हणजे जयवंत, साहेबाशी भांडून नोकरीवर लाथ मारून आलेला. त्या भांडणाची हकीगत तो दर वेळी नव्याने सांगायचा, आणि दर वेळी साहेब थोडा जास्त घाबरलेला असायचा. एक्स्पीरिअन्स म्हणजे म्हातारा गुणाजी, जन्मभर रेल्वेत डबे जोडण्याचं काम केलेला. ट्रान्सफर म्हणजे मधुकर, ज्याची धुळ्याला बदली झाली. त्याच्या मागे राहिलेली रिकामी खोली म्हणजे व्हेकन्सी. आणि "रिटायरमेंट कोण?" असं विचारलं की सगळा ओटा हात लांब करून अण्णांकडे दाखवायचा. अण्णा मान तुकवून तो मान स्वीकारायचे.

अण्णा शब्द विचारणार, आपण आधी माणसाचं नाव सांगायचं आणि मग त्याच्याबद्दल एकदोन वाक्यं. "प्रमोशन इज नंदकिशोर. ही इज गिव्हिंग पेढा." असं. व्याकरणाचं अण्णा पुढे बघून घेणार होते. ते पुढे कधी आलंच नाही.

मी तेव्हा आठवीत होते आणि मला शब्द मिळाला असिस्टंट. का, तर मी खडू पुढे करायची आणि ओलं फडकं पिळून द्यायची. मला फार राग आला होता. अजून थोडा आहे.

एका शब्दाबद्दल मात्र कोणाचं मत विचारलंच गेलं नाही. ज्या दिवशी अण्णांनी दारावर 'ॲम्बिशन' लिहिलं, त्याच दमात पुढे 'विद्याधर' लिहून टाकलं. विद्याधर माझा मोठा भाऊ. तो इंटर सायन्सला होता आणि डॉक्टर होणार होता, निदान अण्णांच्या बोलण्यात तरी. "ॲम्बिशन इज विद्याधर. ही विल बिकम डॉक्टर." सगळा ओटा हे वाक्य एका सुरात म्हणायचा, आणि विद्याधर खांबाला टेकून जमिनीकडे बघत राहायचा. त्याला डॉक्टर व्हायचं नव्हतं. त्याला म्हशी आवडायच्या. सरकारने आरे कॉलनी वसवल्यापासून तो सवड मिळाली की सायकल काढून तिकडे पसार व्हायचा, जंगलातल्या रस्त्याने गोठे बघत हिंडायचा आणि अंगाला शेणाचा वास घेऊन घरी यायचा. त्याला दुग्धशाळेचा डिप्लोमा करायला बंगळूरला जायचं होतं. "माझा मुलगा गवळी होणार?" अण्णा एकदा एवढ्या मोठ्याने ओरडले की पुढच्या आठवड्यात वाडीतल्या चार घरांनी आम्हाला विचारलं, तुम्ही दूध काय भावाने देणार म्हणून.

त्या वर्षी विद्याधर इंटरला नापास झाला. अण्णांनी शब्द बदलला नाही. फक्त 'फेल्युअर' हा शब्द पुढच्या रविवारी दारावर यायचा होता, तो कधी आलाच नाही. विद्याधरने एकदा हळूच म्हटलंही, "अण्णा, तो शब्द माझ्यावरून काढा ना." अण्णा म्हणाले, "सायलेन्स."

मालन परब वर्गात आली ती विहिरीवरून. मागच्या रांगेतली, चोविशीतली, अंगाने किरकोळ. तिचा नवरा दत्ताराम आधी गिरणीत होता, आता आरे कॉलनीत दुधाच्या बाटल्या धुण्याच्या खात्यात लागला होता. ती घागर भरायला यायची आणि घागर भरून वाहायला लागली तरी तिथेच उभी. ओट्यावरून आम्ही जे म्हणू ते ती विहिरीवरून म्हणायची. शेवटी अण्णांनी खडू रोखला. "तिथून काय पुटपुटतेस? म्हणायचं तर वर येऊन म्हण." ती ओल्या पायांनी वर आली आणि बायकांच्या कडेला बसली. गावाकडे तिने सातवीची फायनल पास केली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिला काय हवं होतं, तेही तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मागच्या रांगेतल्या विमलाचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा अंधेरीच्या प्रसूतिगृहातून एक नर्स आली होती. पांढरी साडी आणि छातीवर उलटं टांगलेलं छोटं घड्याळ. तिने विमलाचा हात धरला, घड्याळाकडे पाहिलं, आणि खोलीत रडारड करणाऱ्या सगळ्या बायका आपोआप गप्प झाल्या. मालन तेव्हा गरम पाणी घेऊन दारात उभी होती. "माका ता घड्याळ व्हया," ती अण्णांना म्हणाली. "दुसरा काय नको."

अंधेरीच्या त्या प्रसूतिगृहात सुईणकामाचं शिक्षण देत. फायनल झालेल्या बायका चालत, पण औषधांच्या बाटल्यांवरचं वाचता यावं म्हणून इंग्रजी थोडंफार यायला हवं, आणि मुलाखत इंग्रजीत. वयाची अट पंचविशीच्या आतली. म्हणजे मालनला एकच संधी होती. पुढच्या वर्षी तिला फाटकातूनच परत पाठवलं असतं.

अण्णांनी चंगच बांधला. रविवारी वर्ग झाल्यावर ते तिला एकटीला थांबवून घ्यायचे आणि आई आतून दार ठोठावत राहायची. मालन झपाट्याने शिकली. विहिरीवर, चुलीपाशी, निवडत-टिपत असताना तिच्या तोंडात वाडीची माणसं असायची. दत्ताराम कौतुकाने सांगायचा, "भाकरी थापताना गुणाजी म्हणता, आमटीक फोडणी देताना नंदकिशोर. माका वाटला, बायल खुळावली."

मुलाखतीला अण्णांनी मला तिच्याबरोबर पाठवलं. असिस्टंट ना मी. मालनने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि आईने तिच्या केसांत अबोलीचा गजरा माळला होता. अंधेरीला त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले आणि ती आत गेली. आतल्या खोलीला झुलती अर्धी दारं होती. खालून मला तिचे पाय दिसत होते, आणि ऐकू सगळंच येत होतं.

आत दोघी होत्या. एक गोव्याकडची मॅट्रन, आवाजाने कडक, आणि एक वयस्कर पारशी डॉक्टरीणबाई. नाव, गाव, नवरा काय करतो, सगळं सुरळीत झालं. मालन न अडखळता उत्तरं देत होती आणि मी बाकावर बसून मनातल्या मनात टाळ्या पिटत होते. मग मॅट्रनने विचारलं, तुला काही एक्स्पीरिअन्स आहे का?

विमलाच्या बाळंतपणाचं सांगायचं, एवढं साधं उत्तर होतं. पण मालनने तो शब्द ऐकला आणि तिची जीभ रविवारच्या वळणावर गेली.

"एक्स्पीरिअन्स इज गुणाजी, मॅडम," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ही इज ओल्ड. ही इज जॉइनिंग रेल्वे डबा."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग मॅट्रनने विचारलं, हा गुणाजी तुझा कोण?

"नेबर, मॅडम."

डॉक्टरीणबाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्यांच्या आवाजात एकदम मजा आली. त्यांनी विचारलं, मग प्रमोशन कोण? मालनने नंदकिशोरकाका आणि पेढे सांगितले. रेझिग्नेशन? जयवंत. ही इज फायटिंग साहेब. व्हेकन्सी? "व्हेकन्सी इज मधुकर'स रूम, मॅडम. नोबडी इज लिव्हिंग." डॉक्टरीणबाई खोखो हसायला लागल्या. त्यांना ठसका लागला, कोणीतरी पाणी दिलं. मला बाकावर रडायला आलं होतं. आमची सगळी वाडी त्या खोलीत उभी होती आणि डॉक्टरीणबाई तिला हसत होत्या.

मॅट्रन मात्र हसत नव्हती. हसणं थांबल्यावर ती संथपणे म्हणाली, "अँड ॲम्बिशन, माय गर्ल? हू इज ॲम्बिशन?"

याचं उत्तर मला झोपेतही येत होतं. मी ओठ हलवून ते म्हटलंसुद्धा. ॲम्बिशन इज विद्याधर, ही विल बिकम डॉक्टर. मालनही ते गेलं वर्षभर दर रविवारी म्हणत आली होती. पण आतून काही ऐकू येईना. दाराखाली तिचे पाय दिसत होते. तिने उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर घट्ट दाबून धरला होता.

"ॲम्बिशन इज मालन," ती म्हणाली.

"अँड हू इज मालन?"

"आय ॲम, मॅडम." आणि मग, थांबलं तर राहून जाईल अशा घाईने, "शी इज लिव्हिंग इन कांदिवली. शी इज वाँटिंग व्हाइट सारी. अँड वॉच. हिअर."

'हिअर' म्हणताना तिने छातीवर हात ठेवला असणार. ते मला दिसलं नाही, पण मला खात्री आहे.

"यू मे गो," मॅट्रन म्हणाली. "कॉल द नेक्स्ट."

बाहेर आली तेव्हा मालनचा चेहरा पांढराफटक पडला होता. कांदिवलीला उतरून ती चालू लागली. मग वाडीच्या वाटेवर एकदम थांबली आणि माझा दंड धरला. "वाट लागली गो, पद्मजा. हसले ते माका. जागा गेली तर जाव दे. पण अण्णांका काय सांगू? तेंच्या झिलाचो शब्द मी घेतलंय. सांगू नको हां कोणाक. तुका माझी शपथ."

मी सांगितलं नाही. अण्णांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा "छान झाली" एवढंच म्हणून मी विहिरीकडे सटकले.

पण त्या रविवारी मालन वर्गाला आली नाही. पुढच्याही रविवारी नाही. पाणी भरायला ती अशा वेळी यायची की ओट्यावर कोणी नसेल. अण्णांना वाटलं, मुलाखत फसली आणि पोरीने धीर सोडला. त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी टोपी घातली, मला म्हणाले, "चल." आणि जन्मात पहिल्यांदा आमचे अण्णा मागच्या रांगेत गेले. बायका दारादारांतून बघायला लागल्या.

दत्ताराम गडबडून उठला. "अण्णा, तुमी? बसा, ह्या पाटार बसा." मालन चुलीपुढे होती. तिने पदर सावरला आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"काय विचारलं तिथे?" अण्णा म्हणाले.

मालनने माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळं सांगून टाकलं. गुणाजीपासून मधुकरच्या खोलीपर्यंत. आपल्या शिकवण्याने पोरीची कशी फजिती झाली, हे ऐकताना अण्णांचा चेहरा लाल होत गेला. मी दाराकडे सरकले. ॲम्बिशनशी येऊन ती थांबली.

"मग? काय सांगितलंस?"

"अण्णा, तुमी रागावशात."

"रागावेन. सांग."

"विद्याधर म्हणाक मी तोंड उघडलंय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. "पण ती बाय माझ्याकडे बघी होती. भावोजींकडे नाय. आणि भावोजींका खय व्हया ता डॉक्टर होणा? ते खांबाक टेकान खाली बघतत, तुमी कधी बघितलात? माका व्हया. माका ता घड्याळ इतक्या व्हया की माका झोप येणा नाय. म्हणान मी माझा नाव सांगितलंय."

अण्णा पाटावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला वाटलं, आता स्फोट होणार. ते म्हणाले, "अख्खं वाक्य म्हणून दाखव."

मालनने नाक पुसलं आणि म्हटलं. ॲम्बिशन इज मालन. शी इज लिव्हिंग इन कांदिवली. पांढरी साडी, घड्याळ, हिअर. या वेळी मी बघितलं. तिने खरंच छातीवर हात ठेवला.

अण्णा उठले, टोपी नीट केली आणि चालू लागले. चहा टाकू का, असं दत्ताराम विचारतच राहिला. घरी आईने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. मला मालन आवडायची आणि अण्णांचा राग ठाऊक होता.

रविवारी सकाळी त्यांनी मला पाठवून मालनला बोलावून घेतलं. दार लागलं, आई आत कोंडली गेली, ओटा भरला. अण्णांनी डावीकडे शब्द लिहिले, उजवीकडे नेहमीची माणसं लिहिली. विद्याधर खांबाला टेकून होता. मालन कडेला, मान खाली घालून.

"ॲम्बिशन?" अण्णांनी विचारलं.

"विद्याधर!" सगळा ओटा ओरडला. गुणाजी तर सगळ्यांच्या पुढे.

"राँग," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी ओलं फडकं पिळून दिलं. त्यांनी विद्याधरचं नाव पुसलं. एकदा पुसून खडूचा पांढुरका डाग राहिला, म्हणून पुन्हा पुसलं. मग ठळक अक्षरांत लिहिलं, 'मालन'.

मग विद्याधर खांबापासून सुटून पुढे आला.

"मग अण्णा, मी कोण?"

अण्णांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, कितीतरी दिवसांत त्यांनी त्याच्याकडे नुसतं असं पाहिलं नव्हतं. "तू विद्याधर," ते म्हणाले. "बाकी काय ते तुझं तू बघ. चला, नेक्स्ट वर्ड."

विद्याधर ओट्यावरून उतरून विहिरीपलीकडे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा होता. तो रडत होता. मी गेले नाही.

मालनची निवड झाल्याचं पत्र त्यानंतर आलं. अण्णांनी ते ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि नंदकिशोरकाकांनी त्यांच्याच घरचं प्रमोशन असल्यासारखे पेढे आणले. शिक्षण पुरं झाल्यावर एका रविवारी मालन पांढऱ्या साडीत, छातीवर घड्याळ लावून वर्गाला आली. आम्ही सगळे बघतच राहिलो. जयवंत म्हणाला, "झकास!" तिने सगळ्यांना ते घड्याळ हातात घेऊन बघू दिलं. मी सर्वांत जास्त वेळ घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे एकदा सांगितलं होतं म्हणे, की इतकी सरळ मुलाखत त्यांनी दुसरी घेतली नव्हती. मालनला हे कधी पटलं नाही. ती म्हणायची, माझी कीव आली त्यांना.

विद्याधर बंगळूरला गेला, डिप्लोमा करून आला आणि आरे कॉलनीतच नोकरीला लागला. मी शिक्षिका झाले. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'असिस्टंट टीचर' असं छापलेलं होतं. ते वाचून अण्णा इतके हसले की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

वाडी पुढे पडली. तिथे इमारत झाली आणि आम्हाला तिच्यातच जागा मिळाली. काळं दार गेलं. गुणाजी गेला, आई गेली. मग अण्णांची स्मरणशक्ती जायला लागली. आधी वस्तू हरवल्या, मग वार, मग माणसांची नावं. ओळखीच्या माणसाचं नाव कोणी विसरतं का, असं विचारणारे माझे अण्णा, मी समोर उभी असले तरी माझ्या नावासाठी चाचपडायचे. फार वाईट वाटायचं. आणि मग एक दिवस त्यांनी माझ्याकडे बघून प्रसन्नपणे हाक मारली, "असिस्टंट!"

नावं गेली होती, पण शब्द राहिले होते. नंदकिशोरकाका काठी टेकत भेटायला आले की "या, प्रमोशन." जयवंत आला की "रेझिग्नेशन, बसा." त्यांच्याबद्दलचं वाक्यही ते म्हणून दाखवायचे, पेढ्यासकट. काकांना त्याचं कौतुक वाटायचं.

मालनचे केस तोवर पिकायला लागले होते. ती आता त्याच प्रसूतिगृहात मोठी सिस्टर होती आणि ड्यूटी संपली की अण्णांना इंजेक्शन द्यायला यायची. एका संध्याकाळी ती त्यांचा हात धरून नाडी बघत होती, डोळे घड्याळाकडे. अण्णांनी दुसरा हात लांब करून त्या घड्याळाला बोट लावलं.

"ॲम्बिशन," ते म्हणाले.

"ॲम्बिशन इज मालन, अण्णा," ती म्हणाली. "शी इज लिव्हिंग इन कांदिवली."

"करेक्ट," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात विद्याधर आरेहून आला, हातात दुधाच्या बाटल्या घेऊन. तो दारातच थबकला. आज अण्णा आपल्याला ओळखतील की नाही, ही धास्ती त्याला रोज असायची. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाले, "विद्याधर. ये."

अगदी स्वच्छ. आमच्यापैकी कोणाचंच नाव त्यांना येत नव्हतं, माझंसुद्धा नाही. फक्त त्याचं येत होतं.

मालनने अण्णांचा हात हलकेच खाली ठेवला. "भावोजी," ती म्हणाली, "तुमचो शब्द मी घेतलंय, ता माका अजून लागता हो मनाक."

विद्याधर बाटल्या खाली ठेवून अण्णांच्या पायांशी बसला. "तू तो घेतलास ना, वहिनी," तो म्हणाला, "म्हणून माझं नाव शिल्लक राहिलं."

अण्णा म्हणाले, "सायलेन्स." आणि आम्ही तिघंही गप्प बसलो.